संकटाची शिदोरी

मोटारीने लांबच्या प्रवासाला निघताना अडीअडचणीसाठी कोणते सामान जवळ ठेवावे, हा विषय इतिहासाच्या व्याख्यानाला शोभणारा नाही, असे आरंभी कोणासही वाटेल. पाना, जॅक, दोर, विजेरी, पाण्याची बाटली आणि मलमपट्टीची डबी, यांत इतिहास तो कसला? परंतु या वस्तू एका शहाण्या माणसाने एके दिवशी विचार करून एका पेटीत भरलेल्या नाहीत. ती वस्तू जवळ नसल्यामुळे कोणीतरी कोठेतरी खोळंबला, आणि मग ती पेटीत आली. त्या कोणत्या क्रमाने आल्या हे पाहू लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. यंत्राच्या दुखण्यावरील साधने आधी आली आणि यंत्रात बसणाऱ्या माणसाच्या दुखण्यावरील साधने फार मागाहून आली. आज जे सांगावयाचे आहे ते मुख्यत्वे या विलंबाविषयी.

कथेचा आरंभ १८८८ सालापासून करणे सोयीचे आहे. कारण त्या एका वर्षात, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या तीन ठिकाणी, तीन गोष्टी घडल्या. जर्मनीत कार्ल बेन्झ यांची पत्नी बेर्था हिने आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास केला. बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने, मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केलेल्या, हवेने फुगवलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. आणि अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन या कारखान्याने रेल्वेच्या कामगारांसाठी प्रथमोपचाराच्या तयार पेट्या काढल्या. मोटारीचा प्रवास, तिचे भावी पंक्चर आणि जखमेवरची पट्टी, अशी ही तीन भावंडे एकाच वर्षाची. पैकी पहिली दोन लवकरच एकत्र नांदू लागली. तिसरे भावंड मात्र कित्येक वर्षे बाहेरच उभे राहिले.

बेर्था बेन्झची हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. ऑगस्ट महिन्यातल्या एका पहाटे, नवऱ्याला न विचारता, ती मानहाइमहून फॉर्त्सहाइम येथे माहेरी जाण्यास निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटरांचे. गाडी तीन चाकांची. बरोबर ऑयगेन आणि रिचर्ड हे दोन किशोरवयीन मुलगे. पेट्रोलपंप ही वस्तू तेव्हा जगात नव्हती. विसलोख गावी पोहोचल्यावर तिने औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचे, डाग काढण्यास वापरले जाणारे द्रव्य विकत घेतले आणि ते टाकीत ओतले. पुढे इंधनाची नळी तुंबली, तेव्हा टोपीत खोवलेली लांब पिन काढून तिने ती मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तेव्हा पायमोज्याचा बंद काढून तिच्यावर गुंडाळला. साखळी सैल पडली ती लोहाराने नीट केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजून गेले, तेव्हा एका खेड्यातल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकवर आज जे अस्तर असते त्याचा आरंभ येथे झाला, असे मोटारीच्या इतिहासात सांगतात. चढ आला की मुलांनी खाली उतरून गाडी ढकलावयाची, पाणी आटले की विहिरीवर थांबावयाचे. संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर तिने नवऱ्यास तार केली.

या प्रवासाचे वर्णन स्त्रीच्या धाडसाचे उदाहरण म्हणून नेहमी केले जाते, व ते योग्यच आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. बेर्थाजवळ अडचणीची पेटी जवळजवळ नव्हतीच. जी होती ती तिच्या अंगावरच्या कपड्यांत होती, आणि उरलेली सारी रस्त्यावर होती. औषधविक्या, लोहार, चांभार, विहीर आणि तारघर हीच तिची पेटी. घोडागाडीसाठी शतकानुशतके तयार झालेल्या रस्त्याने त्या पहिल्या मोटारीला आपल्या अंगावर खेळवून पार नेले.

आपल्याकडचा जुना रस्ताही असाच होता. बैलगाडीच्या मालकाजवळ थोडे सामान असेच: गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे, कंदील, एकदोन जादा शिवळा, दोर, पोहरा आणि फडक्यात बांधलेली भाकरी. परंतु कणा मोडला किंवा चाकाची धाव निसटली तर पुढच्या गावचा सुतार व लोहार हाच आधार. गाडी गावोगावी सारखीच असल्यामुळे कोणत्याही गावचा सुतार तिचे दुखणे ओळखू शके. पायी जाणाऱ्याची शिदोरी तर याहूनही हलकी. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कोकणातून ग्वाल्हेरकडे निघाले ते पायीच. अशा प्रवासात माणसाचे खरे संरक्षण म्हणजे सोबत, आणि वाटेवरच्या धर्मशाळा, विहिरी व देवळे. अहिल्याबाई होळकरांनी हिंदुस्थानभर बांधलेल्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा यांच्याकडे आपण केवळ धर्मकृत्य म्हणून पाहतो. इंदूरच्या श्रोत्यांना हे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. पण अठराव्या शतकातील प्रवाशाच्या दृष्टीने पाहिले तर ती रस्त्याच्या कडेला कायमची ठेवलेली अडचणीची पेटीच होती. ती प्रवाशाला वाहून न्यावी लागत नसे.

मोटारीने ही व्यवस्था मोडली. कोणी दुष्ट बुद्धीने मोडली असे नव्हे. मोटारीचा वेग वाढला, तिची अंगे गुंतागुंतीची झाली आणि गावच्या लोहाराच्या ऐरणीवर तिचा उपाय होईना. चालक आणि रस्त्याकडेचे गाव यांच्यातला संबंध सुटला. मग जे गाव देत होते ते गाडीतच घालून नेणे भाग पडले. पेटीचा जन्म असा झाला आहे.

पहिली मोठी पीडा अर्थातच पंक्चरची. आंद्रे आणि एद्वार मिशलँ या फ्रेंच बंधूंनी १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा सुमारे बाराशे किलोमीटरांच्या शर्यतीत हवेच्या धावा लावलेली मोटार उतरवली. वाटेत तिची चाके वारंवार बसली आणि बंधूंचा बराचसा वेळ रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून गेला. शर्यत त्यांनी जिंकली नाही. पण हवेवर मोटार चालू शकते एवढे सिद्ध झाले. त्यानंतरची दहाएक वर्षे मोटार बाळगणे म्हणजे पंक्चर काढणे असाच प्रकार होता. चाक गाडीला कायमचे जखडलेले असे. ते निघत नसे. म्हणून चालकाला धुळीत बसून, लोखंडी पट्ट्यांनी धाव उचकटून, आतली नळी ओढून काढून, ठिगळ लावून, पुन्हा सारे जागच्या जागी बसवून हातपंपाने हवा भरावी लागे. पावसात किंवा रात्री हे काम करणाऱ्याच्या मुखातून कोणती स्तोत्रे बाहेर पडत असतील याची कल्पना करावी.

यावर तोडगा काढला तो वेल्समधील लानेल्ली गावच्या टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर या बंधूंनी. १९०४ साली त्यांनी एक आरे नसलेले लोखंडी कडे तयार केले. त्याच्यावर हवा भरलेली धाव आधीच चढवलेली असे. पंक्चर झाले की मूळ चाक न काढता हे कडे त्याच्या बाजूला पकडींनी घट्ट आवळावयाचे आणि पुढे चालू लागावयाचे. डेव्हिस बंधूंचे दुकान त्या गावातील स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर होते. म्हणून या कड्याला त्यांनी 'स्टेपनी' हे नाव दिले.

आता मौज अशी की इंग्लंडात हा शब्द केव्हाच विसरला गेला. गाडीचे मूळ चाकच काढता येईल अशी रचना थोड्याच वर्षांत झाली, आणि डेव्हिस बंधूंच्या कड्याची गरज संपली. परंतु आपल्या देशात तो शब्द असा रुजला की बेळगाव, बडोदे किंवा हैदराबाद येथील कोणत्याही गॅरेजात जाऊन 'जादा चाक' मागणारा माणूस परका वाटेल. स्टेपनी म्हटले की पोरसवदा मदतनीससुद्धा डिकी उघडतो. माल्टाच्या बेटावर हा शब्द आहे आणि ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत तो 'एस्टेपे' होऊन बसला आहे. एका लहानशा वेल्श गावातला रस्ता अशा रीतीने आपल्या ट्रकांच्या पोटाखाली टांगला गेला.

दुसरी पीडा यंत्र सुरू करण्याची. गाडीच्या तोंडात लोखंडी दांडा घालून तो फिरवावयाचा, यालाच आपल्याकडे हँडल मारणे म्हणत. इंजिन उलटे हिसडले की तो दांडा मनगटावर आदळे, आणि तेथील हाड मोडे. हा अपघात इतका नित्याचा होता की मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकशास्त्रात 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणजे चालकाचा अस्थिभंग असेच नाव पडले. दांडा धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूस न ठेवता त्यांच्याच बाजूला ठेवावा, हा धडा जुने ड्रायव्हर नव्याला प्रथम देत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला आणि दांड्याची सद्दी संपण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे तिला बराच वेळ लागला. ॲम्बॅसॅडर गाडीच्या डिकीत हँडल कितीतरी वर्षे असे आणि हिवाळ्याच्या सकाळी ते बाहेर निघेही. दांडा गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून जीव उसना घेणाऱ्या लाल-काळ्या तारा आल्या. म्हणजे चालक पुन्हा परक्याच्या भेटीवर अवलंबून राहिला. तारा आपल्याजवळ असल्या तरी बॅटरी दुसऱ्याची लागते.

आतापर्यंतच्या हकीकतीत यंत्राचीच काळजी दिसते. माणसाला तहान लागते, हे मोटारीला कोठे समजले ते पाहण्यासाठी गोबीच्या वाळवंटात जावे लागेल. १९०७ च्या जूनमध्ये पेकिंगहून पॅरिसला जाण्याची शर्यत निघाली, तीत पाच गाड्या होत्या. इटलीचे राजपुत्र बोर्गेझे यांच्या 'इताला' गाडीची तयारी पाहण्याजोगी होती. तिची चिखलपाखे म्हणजे लोखंडाच्या लांब फळ्याच होत्या. खड्डा किंवा रेती आली की त्या सोडवून चाकांखाली अंथरता येत. इंधनाचे साठे आधीच वाटेवर धाडून ठेवले होते. तरीही रशियात तिचे लाकडी चाक निकामी झाले, तेव्हा एका खेडवळ सुतारानेच कुऱ्हाडीने लाकूड घडवून ते उभे केले. जुना रस्ता तेथे अजून जिवंत होता. राजपुत्राची गाडी दोन महिन्यांत, १० ऑगस्टला, पॅरिसला पोहोचली. याच शर्यतीत ओग्युस्त पाँस हा फ्रेंच गृहस्थ एका हलक्या तीनचाकीतून निघाला होता. वजन वाचवावे म्हणून सामान बेताचे. गोबीत त्याचे पेट्रोल संपले. तो आणि त्याचा साथीदार तहानेने मरणाच्या दारी पोहोचले, आणि तेथील भटक्या लोकांच्या दृष्टीस पडले म्हणूनच वाचले. गाडी वाळवंटातच राहिली. शर्यतीच्या वर्णनांत विजयी गाडीचे कौतुक पानेच्या पाने असते. परंतु पेटी भरणाऱ्याने वाचावी ती पाँसची गोष्ट.

इंधन आणि पाणी नेण्याच्या डब्यालाही इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा बेळगावपर्यंत येतो. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांच्या फौजा पातळ पत्र्याच्या डब्यांतून पेट्रोल नेत. हे डबे उन्हात व धक्क्यांत फुटत आणि पुष्कळसे पेट्रोल वाळूत जिरे. जर्मनांजवळ मात्र १९३७ सालापासूनचा वीस लिटरांचा जाड पोलादी डबा होता. दोन अर्धुके जोडून केलेला, चाप दाबताच उघडणारा, आणि वर एकाऐवजी तीन मुठी असलेला. मधल्या मुठीने एकाने न्यावा, कडेच्या मुठींनी दोघांनी उचलावा, रिकामे असतील तर एका हातात दोन धरावेत, अशी ती योजना. इंग्रज सैनिक हाती लागलेले हे डबे जिवापाड जपत. पुढे दोस्तांनी हुबेहूब तसेच लक्षावधी डबे बनवले. जर्मनांना इंग्रज सैनिक थट्टेने 'जेरी' म्हणत, म्हणून डबा झाला 'जेरीकॅन'. त्या वाळवंटात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही लढत होते. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा त्यांची एक पलटण तेथे होती. या रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. गॅलनभर पाण्यावर दिवस काढणाऱ्या त्या शिपायांना डब्याची किंमत सांगावी लागली नसेल. आता मात्र एक इशारा दिला पाहिजे. बंद मोटारीत पेट्रोलचा डबा भरून ठेवणे हे शहाणपण नव्हे, ती आग बरोबर घेऊन फिरणे आहे. त्या डब्याचा वारसा आपण पाण्यापुरता घ्यावा.

रात्रीच्या रस्त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. बंद पडलेली गाडी ही मागून येणाऱ्यासाठी भिंत असते. लाल कडांचा चमकता त्रिकोण १९६८ सालच्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय करारात आला आणि जगभर पसरला. आपल्या महामार्गांवर याआधी, आणि खरे तर अजूनही, ट्रकमागे झाडाच्या फांद्या व दगड मांडून ठेवलेले दिसतात. फांदीची खूण दिवसा समजते, रात्री समजत नाही. आणि ट्रक निघून गेल्यावर रस्त्यात राहिलेला दगड पुढच्या माणसाचा काळ ठरतो. त्रिकोण असलाच तर तो पुष्कळ जण गाडीला टेकूनच उभा करतात. तो बरीच पावले मागे, वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे ठेवला तरच त्याचा उपयोग. मागच्या गाडीला थांबण्यासाठी जे अंतर लागते तेच त्या त्रिकोणाचे अंतर.

आता त्या तिसऱ्या भावंडाकडे वळू. प्रथमोपचार ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. जर्मन सर्जन फ्रीड्रिश फॉन एस्मार्ख यांनी त्रिकोणी पट्टीचा प्रचार केला. ती कापडाची पट्टी कशी बांधावी याची चित्रे त्या कापडावरच छापलेली असत, म्हणजे अडाणी शिपायालाही ती वापरता यावी. इंग्लंडात सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था १८७७ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी सर्जन-मेजर पीटर शेफर्ड यांनी वुलिच येथे सामान्य नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले. डॉक्टर नसलेल्या माणसाने जखमीला हात लावावा, ही गोष्ट तेव्हा नवी व काहीशी उद्धट वाटावी अशी होती. शेफर्ड स्वतः जानेवारी १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील इसांडल्वाना येथील लढाईत मारले गेले. त्यांचे पुस्तक त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. १८८८ च्या त्या अमेरिकन पेटीचे मूळ एका आगगाडीच्या प्रवासात आहे. कारखान्याचे मालक रॉबर्ट वुड जॉन्सन कोलोरॅडोकडे जात असता त्यांची रेल्वेच्या मुख्य सर्जनशी गाठ पडली. लोहमार्ग टाकणारे कामगार जखमी होतात ते दवाखान्यापासून कित्येक मैल दूर, ही अडचण त्या सर्जनने सांगितली, आणि तीवर उपाय म्हणून पट्ट्या, निर्जंतुक कापूस, दोरा असे सामान एका पेटीत भरण्यात आले.

श्रोतेहो, दवाखान्यापासून कित्येक मैल दूर जखमी होणारा माणूस! मोटारीच्या प्रवाशाचे याहून अचूक वर्णन करता येणार नाही. पेटी तयार होती, विद्या तयार होती. तरीही चाकाला जोडीदार १९०४ साली मिळाला आणि मनगटाला दांड्यापासून मुक्ती १९१२ साली मिळाली. तर जखमेची पट्टी प्रत्येक मोटारीत असलीच पाहिजे, हे देशोदेशींच्या कायद्यांना सुचण्यास आणखी कित्येक दशके जावी लागली. याचे कारण उघड आहे. पंक्चर झालेली गाडी जागेवरून हलत नाही, म्हणून तिचा उपाय सुचतो. जखमी झालेल्या माणसाला मात्र कोणीतरी उचलून नेईल, असे प्रत्येकाने गृहीत धरले होते.

आपल्या देशात या गृहीताची किंमत फार मोठी पडली आहे. सरकारी आकडेवारीप्रमाणे एकट्या २०२२ सालात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला डॉक्टर 'सोनेरी तास' म्हणतात. बाल्टिमोरचे सर्जन काउली यांनी रूढ केलेली ही कल्पना २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या मोटार वाहन कायद्यातही आली आहे. त्या तासात जखमीजवळ जो असतो तो डॉक्टर नसतो, वाटसरू असतो. आणि वाटसरू थांबत नसे. तो निर्दय होता म्हणून नव्हे. पोलिसांचे जाबजबाब, साक्षीचे हेलपाटे, इस्पितळात अनामत रकमेची मागणी यांना तो भीत होता. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरवली, आणि २०१९ मध्ये कायद्यात १३४-अ हे कलम घालून त्यांना पक्के रूप देण्यात आले. जखमीला मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे अजूनही पुष्कळांस ठाऊक नाही. पेटीत ठेवण्याजोगी ही एक वस्तू आहे, आणि तिला जागा लागत नाही.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत हैदराबादचे नाव आदराने घेतले पाहिजे. १०८ या क्रमांकावर बोलावता येणारी रुग्णवाहिका १५ ऑगस्ट २००५ रोजी त्या शहरातून सुरू झाली आणि मग राज्याराज्यांत पसरली. धर्मशाळा आणि लोहार गेल्यावर रस्त्याने प्रवाशाला परत दिलेली ही पहिली मोठी गोष्ट म्हणावी लागेल. तथापि चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात, धुक्यात आणि पावसात, दूरध्वनीचा आवाज तुटतो आणि गाडी येण्यास वेळ लागतो. त्या अवधीत वाहते रक्त थांबवण्यासाठी लागते ते एक स्वच्छ जाड कापड आणि ते जखमेवर घट्ट दाबून धरणारा हात. त्यात विद्या थोडी आणि धीर फार.

त्याच २००५ सालच्या २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यांवर तुंबलेल्या पाण्यात मोटारी अडकल्या, विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपे उघडेनात, आणि काही माणसे गाडीतच गुदमरून गेली. थंड हवा आत राहावी म्हणून घट्ट मिटणारी गाडी त्यांना उघडता आली नाही. काच फोडण्याची छोटी हातोडी पेटीत आली ती अशा मृत्यूंनंतर. तिच्याविषयी एक बारकावा सांगितला पाहिजे. समोरची काच दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा घालून केलेली असते, ती तडकते पण तुटून पडत नाही. हातोडी मारावयाची ती बाजूच्या काचेवर, आणि मध्यावर न मारता कोपऱ्याजवळ. काही नव्या गाड्यांत बाजूची काचही समोरच्यासारखी असते. आपली कोणती आहे हे कोरड्या दिवशी पाहून ठेवावे. आणि ही हातोडी डिकीत ठेवणाराने ती न घेतलेलीच बरी.

पेटीतील सामान कोठे ठेवावे, हा प्रश्न काय ठेवावे याहून कमी महत्त्वाचा नाही. नव्या मोटारीबरोबर विक्रेता लाल त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी देतो. ती पेटी प्लास्टिकच्या वेष्टनासह बहुधा डिकीत, लग्नाच्या आहेरांच्या आणि आंब्याच्या करंड्यांच्या खाली जाते. मागून ठोकर बसली तर डिकी उघडतही नाही. तिची जागा चालकाच्या हाताजवळ, आसनाखाली किंवा समोरच्या कप्प्यात. तीत औषधी गोळ्यांची गर्दी नको. उभ्या मोटारीत आपल्याकडच्या उन्हाळ्यात भट्टी पेटते आणि पुष्कळ औषधे बिघडतात, चिकटपट्टीचा गोंद पाझरतो. जाड निर्जंतुक गॉज, गुंडाळपट्ट्या, दोन त्रिकोणी पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, रबरी हातमोजे, एवढे असले तरी पुष्कळ आहे. घरातील कोणाला मधुमेह किंवा दमा असेल तर त्यांचे औषध गाडीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत न्यावे. विजेरीच्या बॅटऱ्या आतच गळून विजेरीचा गंज होतो, म्हणून त्या शक्य तर वेगळ्या ठेवाव्यात. पाणी दर प्रवासाला नवे भरावे. आणि एका कागदावर घरचे दोन दूरध्वनी क्रमांक हाताने लिहून ठेवावेत. फोन फुटला किंवा बंद पडला की आजकाल आपणास आपल्या भावाचाही क्रमांक आठवत नाही.

यंत्राच्या बाजूने पाहता पेटी हळूहळू रिकामी होत चालली आहे. नळी नसलेल्या धावा आल्या, हवेचा दाब सांगणारे यंत्र आले, आणि २०२० साली केंद्र सरकारने नियमांत बदल करून, अशी धाव, असे यंत्र आणि भोक बुजवण्याचे साहित्य असलेल्या लहान प्रवासी मोटारींना जादा चाक ठेवण्याच्या बंधनातून मोकळे केले. स्टेपनी हा शब्द राहील आणि वस्तू जाईल, असे दिवस आले आहेत. लानेल्लीत स्टेपनी स्ट्रीट मात्र आजही आहे.

माणसासाठी ठेवलेल्या सामानाला असा पर्याय निघालेला नाही. खंडेनवमीला आपण मोटार धुतो, तिला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. हत्यारांची पूजा म्हणून जॅक आणि पाना बाहेर काढून त्यांना हळदकुंकू वाहणारी घरे माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी जॅकला तेल मिळते. त्याच पाटावर प्रथमोपचाराची पेटी ठेवलेली मी अद्याप पाहिली नाही. तिच्या वेष्टनावर मुदतीचे साल बारीक अक्षरांत छापलेले असते. ते चष्मा लावून वाचावे लागते.